सगळाच रशिया?

आमच्या चकलांब्याच्या पारावर जगात एकंदर सहा देश आहेत: आपला, पाकिस्तान, चीन, अमेरिका, दुबई आणि रशिया. यांपैकी दुबई हा देशच नव्हे, ते एका देशातले शहर. पण ती चूक निरुपद्रवी आहे. रशियाची चूक तशी नाही. आम्ही ज्याला रशिया म्हणतो ते एक घर नसून पंधरा घरे आहेत, आणि त्यांतल्या चौदा घरांचे नाव आम्ही परस्पर पुसून टाकले आहे. हे सांगावे म्हणून मी आज लेखणी उचलली आहे.

मी कोणी प्रवासी, मुत्सद्दी किंवा पंडित असल्याचा आव आणीत नाही. तालुक्यातल्या एका शाळेत मी एकतीस वर्षे भूगोल शिकविला. १९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघ मोडला आणि एका नकाशाचे पंधरा नकाशे झाले. मी मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षे जुन्याच नकाशावर छडी टेकवून ‘हा रशिया’ असे पोरांकडून घोकून घेत होतो. नवा नकाशा मागवावा हे मला सुचले नाही असे नव्हे. त्याची निकड वाटली नाही. तेव्हा पुढे जी टीका येईल तिचा पहिला धनी मी स्वतः आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे म्हणजे झाले.

ती निकड मला कधी वाटली ते सांगतो. माझ्या थोरल्या भावाची नात डॉक्टरकीला गेली आहे. पोर हुशार, पण प्रवेशपरीक्षेत सरकारी महाविद्यालयापुरते गुण मिळाले नाहीत, आणि खाजगी महाविद्यालयाची फी ऐकून घरातले सगळे गप्प बसले. मग एक एजंट घरी आला. ‘रशियात अवघ्या इतक्या लाखांत डॉक्टर,’ असे त्याने सांगितले. कापसाचे दोन एकर रान गहाण पडले आणि २०२३ च्या पावसाळ्यानंतर पोर ‘रशियाला’ गेली. गावात पेढे वाटले. मीही खाल्ला.

१८ मे २०२४ ची सकाळ. भाऊ आणि मी चहा घेत दूरदर्शनसंचासमोर बसलो होतो. बातमी चालली होती: बिश्केक शहरात रात्री जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले केले, चार दिवसांपूर्वी स्थानिक तरुणांची आणि काही परदेशी विद्यार्थ्यांची मारामारी झाली होती, तिची चित्रफीत पसरली आणि लोक चवताळले, भारतीय विद्यार्थ्यांनी बाहेर पडू नये असे आपल्या वकिलातीने कळविले आहे. भाऊ हळहळला. म्हणाला, “कुणाची लेकरं असतील बिचारी! बरं झालं, आपली पोर रशियात हाय.”

मी भूगोलाचा मास्तर. बिश्केक ही किर्गिझस्तानची राजधानी हे मला पाठ होते. पण पोर कोठे आहे हे मी कधी विचारलेच नव्हते! ‘रशिया’ म्हटल्यावर माझेही समाधान झाले होते. नऊच्या सुमारास फोन वाजला. “आबा, रात्रभर दिवे बंद करून बसलो होतोत. खालचं दार तोडायला आलते.” भावाने विचारले, “रशियात बी असंच चाललंय काय?” तिकडून रडत उत्तर आले, “आबा, मी बिश्केकलाच आहे.”

तिच्या वसतिगृहातल्या कोणाला इजा झाली नाही, हे आमचे नशीब. पण त्या दिवसापासून मला एक गोष्ट सलते आहे. ज्या देशात आम्ही पोटची पोर धाडली, ज्यासाठी रान गहाण टाकले, त्या देशाचे नाव आमच्या घरात एका माणसाला ठाऊक नव्हते. लग्न ठरविताना आम्ही मुलाच्या मामाचे गाव विचारतो, गुरे घेताना दात मोजतो. आणि पोर सहा वर्षांसाठी परमुलखात पाठविताना मुलखाचे नाव विचारीत नाही!

यावर पारावरचे शहाणे म्हणतात, “मास्तर, नावात काय आहे?” त्यांना मी पोरीनेच सुट्टीत सांगितलेली हकिकत सांगतो. वसतिगृहाच्या किर्गिझ वॉर्डनबाईंना ती एकदा सहज बोलून गेली, “तुम्ही रशियन लोक फार चहा पिता.” बाई काही रागावल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “आणि तू पाकिस्तानची ना?” पोर म्हणते, माझे तोंड खर्रकन उतरले. उतरणारच! हल्ल्याच्या रात्री दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या त्या ह्याच बाई.

नावात काय आहे हे मराठवाड्याच्या माणसाने तरी विचारू नये. माझ्या लहानपणी पुण्याकडचे पाहुणे आमच्या मुलखाला ‘मोगलाई’ म्हणत. ‘मोगलाईतले आले’ म्हणजे गचाळ, मागासलेले, अर्धवट आले. आमच्याच तालुक्यात गोदाकाठी राक्षसभुवनला १७६३ साली थोरल्या माधवरावांनी निजामाचा मोड केला, त्याच गोदेचे पाणी आम्ही प्यालो, ज्ञानोबा-तुकोबांचे अभंग म्हणत वाढलो. तरी नाव मोगलाई! माझ्या वडिलांना हायस्कूलचे शिक्षण उर्दूतून घ्यावे लागले, कारण हैदराबाद संस्थानात कारभाराची भाषा ती होती. घरी मराठी, शाळेत उर्दू. उर्दू ही गोड भाषा आहे, तिच्याशी वडिलांचे वैर नव्हते. पण आपली भाषा कचेरीच्या पायरीखाली उभी राहते याचे त्यांना जन्मभर दुःख होते.

आता कझाक माणसाकडे पाहा. त्याची भाषा अरबी वळणाच्या लिपीत लिहिली जाई. १९२९ साली वरून हुकूम आला, लॅटिन लिपी. १९४० साली दुसरा हुकूम आला, रशियन लिपी. अकरा वर्षांत दोनदा! आज्याने लिहिलेले नातवाला वाचता येईना. युक्रेनी भाषेत पुस्तके छापण्यावर तर झारने १८७६ सालीच बंदी घातली होती. असल्या लोकांना ‘तुम्ही रशियनच’ असे म्हणणे म्हणजे माझ्या वडिलांना ‘तुम्ही निजामाचेच’ म्हणण्यासारखे आहे. आणि गंमत अशी की, त्या निजामाचे घराणेही तिकडूनच आलेले! आसफजाही घराण्याच्या संस्थापकाचा आजा समरकंदच्या मुलखातून हिंदुस्थानात आला. ते समरकंद आज उझबेकिस्तानात आहे. म्हणजे ज्या मुलखातल्या घराण्याने आमच्या चकलांब्यावर सव्वादोनशे वर्षे अंमल केला त्या मुलखाचे नावही आम्ही शिकलो नाही.

एकदा ही सवय जडली की सगळेच रशियाच्या खाती जमा होते. १२ एप्रिल १९६१ ला युरी गागारिन अंतराळात गेला. कोठून? ‘रशियातून.’ वस्तुतः बैकोनूरहून. ते कझाकस्तानात आहे आणि आज रशिया त्या जागेचे भाडे भरतो. स्टालिन कोण? जॉर्जियाचा. गोगोल जन्मला कोठे? युक्रेनमध्ये. चिंगीझ ऐत्मातोव्हच्या कथा मी तरुणपणी हिंदी अनुवादातून वाचल्या आणि ‘रशियन लेखक’ म्हणून मित्रांना दिल्या. तो किर्गिझ होता. लालबहादूर शास्त्रींनी १० जानेवारी १९६६ रोजी करारावर सही केली आणि त्याच रात्री त्यांचे प्राण गेले, ते ताश्कंद आज उझबेकिस्तानची राजधानी आहे. आपले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून त्या वेळी तेथे होते. मराठी माणसाने ताश्कंद तरी विसरू नये!

आता पारावरच्या मुख्य युक्तिवादाकडे वळतो. आमचे एक स्नेही आहेत, वाचन दांडगे, आवाज त्याहून दांडगा. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाच्या फौजा युक्रेनवर चालून गेल्या तेव्हापासून त्यांचे एकच पालुपद आहे: “अहो, ते एका रक्ताचे लोक. थोरल्या भावानं धाकट्याला दोन दिल्या, त्यात तुम्ही-आम्ही कशाला पडायचं?” हे मत एकट्या आमच्या स्नेह्यांचे नाही. खुद्द पुतीन यांनी जुलै २०२१ मध्ये दीर्घ लेख लिहून रशियन आणि युक्रेनी हे एकच लोक असल्याचे प्रतिपादन केले होते. सात महिन्यांनी रणगाडे निघाले.

मी म्हणतो, ठीक आहे, भाऊ तर भाऊ! भाऊबंदकी आम्हांला कोणी शिकवायला नको. पण गावाचा न्याय काय सांगतो? वाटणी झाली, पंचांसमक्ष सह्या झाल्या, सातबाऱ्यावर नाव चढले, की मग बांध कोरणारा तो सख्खा भाऊ असो की परका, तो बांधकोऱ्याच! रक्ताच्या नात्याने बांध पुसला जात नाही. उलट सख्ख्याने कोरला तर गाव त्याच्या तोंडावर अधिक थुंकते.

आणि ही वाटणी काय रानात, अंधारात झाली होती? १ डिसेंबर १९९१ रोजी युक्रेनच्या लोकांनी मतदान केले. स्वतंत्र व्हावे म्हणून शेकडा नव्वदांहून अधिक मते पडली. ज्या क्रिमियावरून पुढे इतके रामायण झाले तेथेही निम्म्याहून अधिक मते स्वातंत्र्यालाच होती. त्या वेळी युक्रेनच्या भूमीवर जगातला तिसऱ्या क्रमांकाचा अण्वस्त्रसाठा होता. तो त्याने देऊन टाकला, आणि त्याबदल्यात ५ डिसेंबर १९९४ रोजी बुडापेस्ट येथे रशिया, अमेरिका आणि ब्रिटन या तिघांनी सही करून सांगितले की, तुमच्या सीमांचा आम्ही मान राखू. घरातली काठी धाकट्याने पंचांच्या हवाली केली, पंचांत थोरला भाऊ स्वतः होता. आणि २०१४ साली त्याच थोरल्याने क्रिमियाचे रान नांगरून टाकले. याला काय घरगुती भांडण म्हणतात?

“पण तिथं रशियन बोलणाऱ्यांवर अन्याय होत होता त्याचं काय?” असे स्नेही विचारतात. प्रश्न रास्त आहे. युक्रेनचे सगळेच कायदे शहाणपणाचे होते असे मी म्हणणार नाही. परंतु भाषिक अन्याय म्हणजे काय हे मराठी माणसाइतके कोणाला ठाऊक आहे? १९५६ पासून बेळगावचा मराठी माणूस दाद मागतो आहे. आमचे रक्त त्यासाठी उकळते आणि उकळलेच पाहिजे. पण महाराष्ट्र २००४ साली कोठे गेला? सर्वोच्च न्यायालयात गेला. खटला लांबला, आम्ही चडफडलो, तरी बेळगाववर तोफा डागाव्या असे कोणा शहाण्या मराठी माणसाच्या मनात आले नाही. जे आपण आपल्या दाराशी पाप मानतो ते दुसऱ्याच्या दाराशी पराक्रम कसे ठरते?

स्नेह्यांचा तिसरा बाण असा की, रशियाने १९७१ साली आपली पाठ राखली; त्या उपकाराला जागायला नको काय? जरूर जागावे. ९ ऑगस्ट १९७१ चा तह मी विसरलेलो नाही. पण तो तह कोणाशी झाला? सोव्हिएत संघाशी. त्या संघात युक्रेनी होते, कझाक होते, उझबेक होते. आपल्या हवाई दलाची एएन-३२ विमाने कीवला बनली. आपल्या नौदलाची ‘विक्रमादित्य’ ही युद्धनौका मुळात युक्रेनमधल्या मिकोलाइव्हच्या गोदीत बांधली गेली. उपकार पंधरांनी केला आणि फेड एकाचीच, हा कोठला न्याय? सरकारला तेल घ्यायचे असते, शस्त्रांचे सुटे भाग घ्यायचे असतात. राष्ट्रसंघात ते तटस्थ राहते, त्याची कारणे त्याच्यापाशी असतील. तरीही १६ सप्टेंबर २०२२ रोजी त्याच समरकंदला आपल्या पंतप्रधानांनी पुतीन यांना समोरासमोर सुनावले की, हा काळ युद्धाचा नव्हे. सरकारला जे म्हणता आले ते आमच्या पाराला का म्हणता येऊ नये? सरकारच्या तटस्थतेने नागरिकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली जात नाही.

आता कोणी म्हणेल, मास्तरांना ही चौदा राष्ट्रे म्हणजे चौदा रत्ने वाटतात! मुळीच नाही. तुर्कमेनिस्तानच्या नियाझोव्ह नावाच्या राष्ट्राध्यक्षाने २००२ साली जानेवारी महिन्याला स्वतःचे नाव दिले आणि एप्रिलला आपल्या आईचे. आपल्याकडे पुढारी चौकांना नावे देतात. याने पंचांगालाच हात घातला! अझरबैजानात २००३ साली बापाच्या गादीवर मुलगा बसला आणि २०१७ साली त्याने आपल्या बायकोलाच पहिली उपाध्यक्ष केले. बेलारूसमध्ये १९९४ पासून एकच गृहस्थ खुर्चीला चिकटून आहेत. उझबेकिस्तानात शाळकरी पोरांना वर्ग सोडून सरकारी सक्तीने कापूस वेचायला नेत. जगातल्या कापडवाल्यांनी बहिष्कार घातला, सक्ती मोडली, आणि तो बहिष्कार २०२२ साली उठला. त्या कापसासाठी नद्यांचे पाणी वळवून अरल नावाचा समुद्राएवढा तलाव सोव्हिएत राजवटीने आटविला तो वेगळाच. कापूस पिकविणाऱ्या आमच्या गावाने ही गोष्ट तरी वाचून ठेवावी.

परंतु यातूनही माझेच म्हणणे सिद्ध होते. ही घरे निरनिराळी आहेत, त्यांचे रोग निरनिराळे आहेत. किर्गिझ लोकांनी २००५, २०१० आणि २०२० अशा तीन वेळा आपला राष्ट्राध्यक्ष खाली खेचला. लिथुआनिया, लाटव्हिया, एस्टोनिया २००४ पासून युरोपीय संघात आहेत. आर्मेनिया आणि अझरबैजान तीस वर्षे एकमेकांशी लढले. २०२३ च्या सप्टेंबरात एक लाखाहून अधिक आर्मेनियन माणसे काराबाखचे घरदार सोडून निघाली. त्याच आर्मेनियाने आपल्याकडून ‘पिनाक’ अग्निबाण घेतले, जे पुण्याच्या संशोधनसंस्थेत घडले. पुण्याला आर्मेनिया ठाऊक आहे आणि आर्मेनियाला पुणे; ठाऊक नाही ते आम्हांला!

दूर कशाला, आजची चकलीच घ्या. ज्या सूर्यफुलाच्या तेलात ती तळली, ते तेल युद्धापूर्वी आपल्याला सर्वांत अधिक युक्रेन पुरवीत असे. २०२२ साली ते कडाडले तेव्हा प्रत्येक गृहिणीने कपाळाला हात लावला. कपाशीला घालण्याचे पोटॅश रशियातून येते तसे बेलारूसमधूनही येते. त्या मुलखांचा आणि आपला संबंध असा रोजच्या कढईपर्यंत आणि बांधापर्यंत पोचलेला आहे.

सर्वांत अधिक तो पोरांच्या जिवापर्यंत पोचला आहे. १ मार्च २०२२ रोजी खारकीवमध्ये कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्याचा एक विद्यार्थी मारला गेला. सरकारने विमाने पाठवून हजारो माणसे परत आणली, त्यांत आपल्या मराठवाड्याची पोरेही होती. पुढे काय झाले? येथल्या महाविद्यालयांत त्यांना जागा मिळाली नाही, आणि पुष्कळ जण जॉर्जिया, किर्गिझस्तान, उझबेकिस्तान अशा दुसऱ्या घरी गेले. गावाने विचारले, “कुठं गेला?” उत्तर आले, “परत रशियालाच!”

म्हणून ज्यांच्या घरी यंदा असा बेत चालला असेल त्या आईबापांना माझे हात जोडून सांगणे आहे. एजंट ‘रशिया’ म्हणाला की त्याला चहा देऊ नका. आधी कागदावर देशाचे, शहराचे आणि विद्यापीठाचे नाव लिहून घ्या. त्या देशात राज्य कोणाचे आहे, शेजाऱ्याशी वैर आहे काय, हे विचारा. शिक्षण निदान चोपन्न महिन्यांचे आणि इंग्रजीतून आहे काय, बारा महिन्यांची उमेदवारी त्याच संस्थेत होते काय, तेथली पदवी घेऊन त्याच देशात डॉक्टरकी करता येते काय, हे विचारा. कारण २०२१ च्या नियमांप्रमाणे यांतले एक जरी चुकले तरी येथे परतल्यावर ती पदवी भिंतीवर टांगण्यापुरती उरेल. शिवाय येथली परीक्षा असतेच, आणि बहुतेक खेपांना तीत पास होणाऱ्यांपेक्षा नापास होणारेच अधिक असतात. एजंट हे सांगणार नाही. त्याचा गल्ला ‘रशिया’ या एका शब्दावर चालतो.

पोरांनो, तुम्हांलाही एक सांगतो. तुमच्या मास्तराने तुम्हांला एक नाव शिकविले. खरी पंधरा आहेत. सुट्टीत नकाशा घेऊन बसा आणि ती पाठ करा. माझ्या चुकीची तेवढी भरपाई तरी होईल.

पोर यंदा दिवाळीला आली नाही, परीक्षा आहे. तालुक्यातला एक मुलगा तिकडे परत निघाला होता, त्याच्याबरोबर डबा पाठविला: करंज्या, शेव, तिखटाच्या दशम्या. डब्यावर चिकटवायचा कागद भावाने माझ्यापुढे केला. मी लेखणी त्याच्याच हाती दिली. चौथीपर्यंत शिकलेला माणूस. ‘किर्गिझस्तान’ हा शब्द लिहिताना दोनदा अडला, एकदा खोडले. मग चष्मा पुसून त्याने तो पुरा लिहिला, आणि मला वाचून दाखविला.